कोंबडीच्या आतड्यातील घातक जीवाणूंचे नियंत्रण आणि सुरक्षित अन्न

पाठाचा परिचय

कोंबडीला रोग झाला की तो बहुधा दिसतो. पक्षी मलूल होतात, खाद्य कमी खातात, मरतूक वाढते आणि पशुवैद्यकाला बोलावले जाते. या पाठात मात्र आपण अशा जीवाणूंचा विचार करणार आहोत, जे कोंबडीला फारसा त्रास न देता तिच्या आतड्यात राहतात आणि माणसाच्या ताटात आले की त्याला आजारी पाडतात. पक्षी निरोगी दिसतो, त्याचे वजन नीट भरते, अंड्यांचे उत्पादनही घटत नाही. म्हणून अशा जीवाणूंचे नियंत्रण आजारी पक्षी शोधून करता येत नाही. ते पिल्लू जन्मल्या दिवसापासून, किंबहुना त्याच्या आईबापांच्या कळपापासून सुरू करावे लागते.

भारतात २०२३-२४ या वर्षात सुमारे १४,२७७ कोटी अंड्यांचे उत्पादन झाले. आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि तेलंगणा ही त्यातील आघाडीची राज्ये आहेत. अंडी आणि कोंबडीचे मांस हे स्वस्त प्रथिनांचे मोठे साधन आहे. म्हणूनच ते सुरक्षित असणे हा कुक्कुटपालकाइतकाच प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

१. हे जीवाणू कोणते?

साल्मोनेला : या जीवाणूचे अडीच हजारांहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांपैकी पुलोरम आणि गॅलिनारम हे दोन प्रकार पक्ष्यांनाच आजारी पाडतात. पिल्लांची पांढरी हगवण आणि कोंबड्यांचा विषमज्वर हे त्यांचे रोग आहेत. याउलट एन्टेरिटिडिस आणि टायफिम्युरियम हे प्रकार मोठ्या कोंबडीत बहुतेक वेळा कोणतेही लक्षण न दाखवता राहतात. माणसाला मात्र ताप, पोटदुखी आणि जुलाब होतात. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींमध्ये संसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो. एन्टेरिटिडिसची आणखी एक अडचण अशी की तो कोंबडीच्या अंडाशयापर्यंत पोहोचतो. त्यामुळे कवच स्वच्छ आणि अखंड असले तरी अंड्याच्या आत जीवाणू असू शकतो.

कॅम्पिलोबॅक्टर : याला वाढण्यासाठी सुमारे ४२ अंश सेल्सिअस तापमान आणि कमी ऑक्सिजन लागतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश असते, म्हणजे तिचे आतडे त्याला अगदी सोयीचे. तो स्वयंपाकघरातील तापमानाला वाढत नाही, पण माणसाला आजारी पाडायला काही शेकडा जीवाणूही पुरतात. या संसर्गानंतर क्वचित काही रुग्णांना गिलन-बारे सिंड्रोम होतो. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातापायांतील शक्ती जाते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा काही रुग्णांच्या विष्ठेच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. त्या साथीत मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. तरी या जीवाणूकडे केवळ ‘पोट बिघडवणारा’ म्हणून पाहता येत नाही, हे त्यावरून लक्षात येते.

२. पिल्लाचे आतडे : रिकामे घर

गावाकडे खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली जातात. पिल्ले बाहेर आली की आईबरोबर माती उकरतात, तिच्या विष्ठेतही चोच घालतात. हे आपल्याला किळसवाणे वाटते, पण याच वाटेने आईच्या आतड्यातील शेकडो प्रकारचे उपयुक्त जीवाणू पिल्लाकडे येतात. (याच वाटेने रोगही येऊ शकतात, हे विसरू नये.)

व्यावसायिक पद्धतीत पिल्लू उबवणी यंत्रात जन्मते. अंडी निर्जंतुक केलेली असतात, यंत्र धुतलेले असते आणि आई कुठेच नसते. अशा पिल्लाचे आतडे जवळजवळ रिकामे असते. मोठ्या कोंबडीच्या अंधांत्रात, म्हणजे आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन बंद पिशव्यांत, एक ग्रॅम पदार्थात अब्जावधी जीवाणू असतात. एका दिवसाच्या पिल्लात ही वस्ती उभी राहिलेली नसते. मग खाद्यातून, पाण्यातून, पेटीतून किंवा माणसाच्या बुटातून जो जीवाणू प्रथम येईल, तो तेथे ठाण मांडतो. म्हणूनच पहिल्या दिवशी साल्मोनेलाचे अगदी मोजके जीवाणूही पिल्लाला संसर्ग करू शकतात. तेच पिल्लू काही आठवड्यांचे झाले की त्याच कामासाठी कितीतरी पट अधिक जीवाणू लागतात.

३. फिनलंडमधील प्रयोग

१९७१ साली फिनलंडमधील ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला इन्फॅन्टिस या प्रकाराचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्याचा अभ्यास करताना एस्को नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला : मोठ्या कोंबड्यांना सहजासहजी संसर्ग होत नाही, तर त्यांच्याकडे असे काय आहे, जे पिल्लांकडे नाही?

त्यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील पदार्थ घेऊन तो पातळ केला आणि एक-दोन दिवसांच्या पिल्लांच्या गळ्याजवळील अन्नपिशवीत सोडला. नंतर पिल्लांना मुद्दाम साल्मोनेला दिला. ज्यांना हा पदार्थ मिळाला नव्हता, त्यांच्यात साल्मोनेलाने वस्ती केली. ज्यांना मिळाला होता, ती बहुतांश सुरक्षित राहिली. हे निष्कर्ष १९७३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या तत्त्वाला ‘स्पर्धात्मक प्रतिबंध’ म्हणतात.

उपयुक्त जीवाणू घातक जीवाणूंना पुढील मार्गांनी रोखतात :

• आतड्याच्या अस्तरावर चिकटण्याच्या जागा ते आधीच व्यापतात.
• उपलब्ध अन्न वापरून टाकतात.
• ॲसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार करून साल्मोनेलाला प्रतिकूल वातावरण निर्माण करतात.
• काही जीवाणू इतर जीवाणूंना मारणारी प्रथिने स्रवतात.
• पिल्लाची प्रतिकारशक्ती घडवण्यास मदत करतात.

येथे तीन मर्यादा लक्षात घ्या. पहिली, हा उपाय प्रतिबंधाचा आहे, इलाजाचा नाही. साल्मोनेला आधी शिरला असेल, तर उपयोग कमी होतो. दुसरी, कॅम्पिलोबॅक्टर आतड्यातील श्लेष्माच्या थरात राहतो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध या उपायाचे यश खात्रीचे नाही. तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची : प्रयोगाचे हे वर्णन वाचून मोठ्या कोंबड्यांची विष्ठा पिल्लांना देऊ नका. तिच्यात रक्ती हगवणीचे परजीवी, विषाणू आणि खुद्द साल्मोनेलाही असू शकतो. यासाठी तपासलेल्या, रोगमुक्त पक्ष्यांपासून प्रयोगशाळेत तयार केलेली मिश्रणेच वापरायची असतात.

४. प्रतिजैविके का नकोत?

‘जीवाणू आहेत, तर औषध द्या’ असे सहज वाटते. पण प्रतिजैविक चांगला-वाईट जीवाणू पाहून मारत नाही. १९५० च्या दशकात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, साल्मोनेलाचा संसर्ग होण्यासाठी एरवी लाखभर जीवाणू लागत होते. स्ट्रेप्टोमायसिन दिल्यानंतर दहापेक्षाही कमी जीवाणू पुरेसे ठरले. औषधाने भरलेले घर पुन्हा रिकामे झाले होते.

दुसरे कारण प्रतिकाराचे. वजन वाढावे म्हणून खाद्यात रोज थोडे प्रतिजैविक मिसळण्याची प्रथा १९५० च्या सुमारास रूढ झाली. अशा अल्प मात्रेत सर्वांत चिवट जीवाणू तगून राहतात आणि वाढतात. स्वीडनने १९८६ साली आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीचा हा वापर बंद केला. कोलिस्टिन हे माणसांच्या गंभीर संसर्गात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध आहे. एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे कोलिस्टिन-प्रतिकाराचे जनुक चीनमध्ये सापडल्याचे २०१५ साली जाहीर झाले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता, कुक्कुटपालनासह, कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली.

आजारी पक्ष्यांवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपचार करणे वेगळे आणि रोजच्या खाद्यात औषध मिसळणे वेगळे. पहिले आवश्यक आहे, दुसरे टाळायचे आहे.

५. शेडमध्ये काय करावे?

एकच उपाय पूर्ण काम करत नाही. एकामागे एक अडथळे उभे करावे लागतात.

अ) पिल्लू कोठून येते? पैदाशीच्या कळपात साल्मोनेला असेल, तर तो अंड्यावाटे पिल्लात उतरतो आणि उबवणी यंत्रात एका पिल्लापासून अनेकांना होतो. म्हणून पैदाशीच्या कळपाची नियमित तपासणी आणि लसीकरण करणाऱ्या उबवणी केंद्रातूनच पिल्ले घ्यावीत.

आ) दोन कळपांमधील खंड : एका शेडमध्ये एकाच वयाचे पक्षी एकदम भरावेत आणि एकदम काढावेत. त्यानंतर जुने तूस काढून, शेड धुऊन, निर्जंतुक करून आणि कोरडी करून काही काळ रिकामी ठेवावी. ओल्या जमिनीवर नवे तूस पसरल्यास आधीची मेहनत वाया जाते.

इ) उंदीर आणि माश्या : शेड कितीही धुतली तरी बाधित उंदीर राहिले, तर नव्या कळपात साल्मोनेला परत येतो. उंदराच्या एका लेंडीतही लाखभर जीवाणू असू शकतात. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाबतीत माश्या महत्त्वाच्या आहेत. डेन्मार्कमध्ये शेडच्या झरोक्यांना माश्या रोखणारी जाळी लावल्यावर बाधित कळपांचे प्रमाण निम्म्याहून अधिक होते ते सुमारे १५ टक्क्यांवर आले. आपल्या उघड्या बाजूंच्या शेडमध्ये अशी जाळी लावणे कठीण असते. पण विष्ठेचे ढीग शेडजवळ न साठवणे, मेलेले पक्षी रोज उचलून पुरणे आणि तूस कोरडे ठेवणे एवढ्यानेही माश्या बऱ्याच कमी होतात.

ई) माणसाचे पाय : प्रत्येक शेडसाठी वेगळे बूट दाराशीच ठेवावेत. दारात निर्जंतुकाचे पाणी ठेवले, पण ते आठवडाभर बदलले नाही, तर ते केवळ चिखलाचे पाणी उरते.

उ) पाणी आणि खाद्य : पिण्याचे पाणी क्लोरीनयुक्त असावे, नळ्यांच्या आतील बुळबुळीत थर वेळोवेळी काढावा. मात्र जिवंत लस किंवा प्रोबायोटिक पाण्यातून देताना त्या पाण्यात क्लोरीन नसावे, नाहीतर तेही मरून जातात. खाद्य उष्णतेने गोळीबंद करताना बरेच जीवाणू मरतात. नंतर गोदामात उंदीर-पक्षी शिरल्यास ते पुन्हा दूषित होते.

ऊ) आतड्याला मदत करणारे पदार्थ :

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने दिलेले जिवंत उपयुक्त जीवाणू. ते पहिल्या दिवसापासून आणि प्रतिजैविकाच्या उपचारानंतर दिल्यास अधिक उपयोगी ठरतात. काही पालक पक्ष्यांना ताक देतात. ताकात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू असतात हे खरे, पण प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील शेकडो प्रकारांची जागा ते घेऊ शकत नाहीत.

प्रीबायोटिक म्हणजे उपयुक्त जीवाणूंचे खाद्य. यीस्टच्या पेशीभित्तीपासून मिळणारा मॅनन हा पदार्थ याच गटात धरतात, पण त्याचे काम थोडे वेगळे आहे. साल्मोनेला ज्या केसांसारख्या तंतूंनी आतड्याला चिकटतो, ते तंतू या पदार्थालाच चिकटतात आणि जीवाणू विष्ठेवाटे बाहेर जातो.

सेंद्रिय आम्ले, उदाहरणार्थ फॉर्मिक आणि प्रोपिओनिक, जीवाणूच्या पेशीत शिरून आतील आम्लता वाढवतात. ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे पोषणही करते.

६. लसीकरण : ब्रिटनचा अनुभव

१९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये अंड्यांतून होणाऱ्या एन्टेरिटिडिसच्या संसर्गाने गंभीर रूप घेतले. डिसेंबर १९८८ मध्ये तेथील आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतांश अंडी उत्पादनाला साल्मोनेलाची बाधा असल्याचे विधान केले. अंड्यांची विक्री कोसळली आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. पण प्रश्न खरा होता. पुढे पैदाशीच्या आणि अंड्यांवरील कोंबड्यांचे लसीकरण सुरू झाले. १९९८ पासून लसीकरण, स्वच्छता आणि तपासणी यांची अट पाळणाऱ्या अंड्यांवर सिंहाचा शिक्का येऊ लागला. रुग्णांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. २०१७ साली तेथील अन्न मानक संस्थेने लहान मुले आणि गरोदर स्त्रियांनाही शिक्क्याची अंडी अर्धकच्ची खाण्यास हरकत नाही, असे सांगितले.

या अनुभवाचा आर्थिक अर्थही समजून घ्या. आपल्याकडे करारावर ब्रॉयलर वाढवणाऱ्या शेतकऱ्याला कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. त्याला मोबदला मिळतो तो पक्ष्यांच्या वजनावर, खाद्याच्या वापरावर आणि मरतुकीच्या प्रमाणावर. साल्मोनेलाने यांपैकी काहीच फारसे बिघडत नाही. म्हणजे जाळी, बूट आणि लस यांचा खर्च शेतकऱ्याने करायचा आणि त्याचा लाभ त्याला कधीही न भेटणाऱ्या ग्राहकाला व्हायचा. शेतकऱ्याला केवळ उपदेश करून हा तिढा सुटत नाही. ब्रिटनमध्ये शिक्क्यामुळे ग्राहकाला फरक दिसला आणि सुरक्षिततेला बाजारात किंमत मिळाली. भारतातील सुटी अंडी आणि दुकानातील जिवंत कोंबडी यांवर असा काहीच खुणेचा पुरावा नसतो. ही उणीव धोरणाने भरून काढायची आहे.

७. पिंजऱ्यापासून ताटापर्यंत

आतड्यातील जीवाणू मांसावर येतात ते मुख्यतः कत्तलीच्या वेळी. त्यापूर्वी ८ ते १२ तास खाद्य बंद ठेवल्यास आतडे बरेचसे रिकामे होते आणि फाटण्याची शक्यता कमी होते. पाणी मात्र जवळपास शेवटपर्यंत द्यावे. उपाशी पक्षी तूस टोचून खातात, म्हणून खाद्य फार लवकर बंद करणेही योग्य नाही. वाहतुकीचे पिंजरे प्रत्येक खेपेनंतर धुवावेत; निरोगी कळप घाणेरड्या पिंजऱ्यात काही तासांत दूषित होऊ शकतो.

आपल्या अनेक चिकन दुकानांत गरम पाण्याचे एकच भांडे, पिसे काढण्याचा एकच ड्रम आणि एकच लाकडी ओंडका दिवसभर चालतो. एका पक्ष्याच्या आतड्यातील जीवाणू त्यांतून पुढच्या अनेक पक्ष्यांवर जातात. पाणी वारंवार बदलणे, आतडी काढण्याची आणि मांस कापण्याची जागा वेगळी ठेवणे, चिरा पडलेला ओंडका बदलणे आणि मांस ४ अंशांपर्यंत थंड ठेवणे हे दुकानदाराला करता येण्याजोगे आहे.

घरात पुढील गोष्टी पाळा :

• कच्चे चिकन वाहत्या नळाखाली धुऊ नका. तुषार उडून ओटा, भांडी आणि शेजारची कोथिंबीरही दूषित होते. धुवायचेच असेल, तर पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा आणि नंतर ओटा व हात साबणाने स्वच्छ करा.
• कच्च्या मांसाची सुरी आणि फळी धुतल्याशिवाय कांदा-टोमॅटोसाठी वापरू नका.
• हळद, मीठ, लिंबू लावून ठेवल्याने चव येते. जीवाणू मारण्यासाठी त्यावर विसंबू नका. मांसाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंशांवर गेले पाहिजे. तापमापक नसेल, तर हाडाजवळचे मांस गुलाबी नाही ना, हे निदान पाहा. कलेजीही आतपर्यंत शिजवा.
• शिजवलेला रस्सा तासन्‌तास कोमट ठेवू नका. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना उकळी येईपर्यंत गरम करा.
• तडकलेली, विष्ठेने माखलेली अंडी घेऊ नका. अंडी धुऊन साठवू नका. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि ओलाव्याबरोबर जीवाणू आत जातात.
• कच्च्या अंड्याचे मेयोनीज टाळा. याच कारणासाठी केरळने २०२३, तेलंगणाने २०२४ आणि तमिळनाडूने २०२५ साली त्यावर बंदी घातली.

थोडक्यात

घातक जीवाणू वाहणारी कोंबडी बहुधा निरोगी दिसते, म्हणून डोळ्यांवर विसंबता येत नाही. पिल्लाचे रिकामे आतडे पहिल्या काही दिवसांत उपयुक्त जीवाणूंनी भरणे हा नियंत्रणाचा पाया आहे, आणि विनाकारण दिलेले प्रतिजैविक हा पायाच उखडते. त्यावर स्वच्छ पैदाशीचा कळप, लस, उंदीर-माश्यांचे नियंत्रण, स्वच्छ कत्तल आणि नीट शिजवणे असे अडथळे उभे करायचे असतात. त्यातील एखादा ढासळला तरी उरलेले माणसाचे रक्षण करतात. सगळेच शेवटच्या अडथळ्यावर, म्हणजे घरच्या चुलीवर सोपवले, तर एका घाईच्या दिवशी घरातील लहान मूल आजारी पडू शकते.

स्वाध्याय

१. साल्मोनेला गॅलिनारम आणि साल्मोनेला एन्टेरिटिडिस यांच्यापैकी कुक्कुटपालकाच्या लक्षात आधी कोण येईल? का?
२. उबवणी यंत्रातील पिल्लू आणि खुडूक कोंबडीखालचे पिल्लू यांच्या आतड्यातील जीवाणूंत फरक का पडतो?
३. प्रतिजैविकाने साल्मोनेलाचा धोका वाढू शकतो, हे उदाहरणासह स्पष्ट करा.
४. तुमच्या जवळच्या चिकन दुकानाचे निरीक्षण करा. एका पक्ष्यापासून दुसऱ्या पक्ष्याकडे जीवाणू जाण्याच्या किती जागा दिसतात? त्यांपैकी कोणती कमीत कमी खर्चात बंद करता येईल?